पाळण्यापासून पंढरीपर्यंत

१ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. आमच्या गावातल्या महिला मंडळात त्या दिवशी दरवर्षी साठीच्या पुढच्या बायकांना बोलावतो. बीपी-शुगरची तपासणी, एखाद्या डॉक्टरांचं भाषण, मग चहा-पोहे आणि शेवटी ओटी. सगळं ठरलेलं. डॉक्टर गुडघ्यांवर बोलतात आणि समोरच्या बायका आपापले गुडघे चोळत ऐकतात! गेल्या वर्षी डॉक्टरांना यायला उशीर झाला. बायका चुळबुळायला लागल्या. वेळ काढायचा म्हणून मी सहज सांगून टाकलं, की आज कविवर्य ग. दि. माडगूळकरांचाही जन्मदिवस असतो, तर कुणाला त्यांचं एखादं गाणं येत असेल तर म्हणा.

आधी सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. गदिमांची कुठली गाणी, हेच पुष्कळजणींना सांगता येईना. मग मागच्या रांगेतून एका काकूंनी हळूच सुरुवात केली. झुकझुकगाडीत बसून मामाच्या गावाला जायचं ते गाणं! दुसऱ्या ओळीला दहा जणी, तिसऱ्या ओळीला सगळा हॉल. काठी टेकत आलेल्या आजीसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. डॉक्टर आले तेव्हा दारातच थांबून राहिले बिचारे.

त्या काकूंविषयी पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी गदिमांविषयी. कारण त्या दिवशी घरी आल्यावर मला फार वाटलं, की ज्या माणसाची गाणी आपल्याला पाळण्यापासून पंढरीच्या वाटेपर्यंत सोबत करतात, त्याच्याबद्दल आपल्याला किती कमी माहिती असते!

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, सांगली जिल्ह्यातल्या शेटफळे या आजोळच्या गावचा. जन्माची गोष्ट ऐकली तर अंगावर काटाच येतो. बाळ जन्मलं पण रडेना, हालेना. घरच्यांनी आशा सोडली, पुरायची तयारीसुद्धा झाली. पण सुईणीचं मन काही मानेना. तिने निखारा आणून बाळाच्या नाभीजवळ धरला आणि बाळाने टाहो फोडला, असं सांगतात. विचार करा मैत्रिणींनो, त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या सुईणीने प्रयत्न सोडून दिला असता तर? आपल्या किती पिढ्यांची अंगाईगीतं, बडबडगीतं जन्मालाच आली नसती. तिचं नावही आज आपल्याला ठाऊक नाही.

घर माडगूळ्याचं. आटपाडीजवळचा हा भाग म्हणजे माणदेश. पाऊस कमी, माळरान जास्त. वडील औंध संस्थानात साधे कारकून. पगार तुटपुंजा, बदल्या होत राहायच्या, खाणारी तोंडं वाढत गेली. आई बनुताई. कवितेचं देणं गजाननाला मिळालं ते या आईकडून. त्या जात्यावर बसल्या की ओव्या म्हणायच्या, आणि नुसत्या ऐकलेल्या नव्हे, स्वतः रचलेल्याही. पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर आणि आईचा आवाज, हे ज्या मुलाच्या कानावर पडलं, त्याला छंद-वृत्त वेगळं शिकायची काय गरज? गंमत म्हणजे याच घरातून पुढे दुसरा मोठा लेखकही आला. ‘माणदेशी माणसं’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर हे गदिमांचे धाकटे भाऊ. दोन मुलं एवढी मोठी झाली, पण ओव्या रचणारी ती आई मात्र कुठल्या पुस्तकाच्या कव्हरवर आली नाही. आपल्या आयाआज्यांचं बहुतेक असंच असतं, नाही का?

शिक्षण आटपाडी, कुंडल, औंध असं फिरत फिरत झालं. हुशारी भाषेत, वैर गणिताशी. मॅट्रिकला गाडी अडली ती अडलीच. आज दहावीच्या निकालाच्या दिवशी घराघरात जे वातावरण होतं, ते बघून मला नेहमी वाटतं, की प्रत्येक आईने त्या दिवशी गदिमांची आठवण काढावी. मॅट्रिक नापास झालेला हा मुलगा पुढे ‘पद्मश्री’ झाला, विधान परिषदेत बसला, १९७३ साली यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला.

पण हे सगळं फार पुढचं. तेव्हा पोटाचा प्रश्न होता. एकोणीस वर्षांचा गजानन कोल्हापूरला सिनेमाच्या दुनियेत आला. मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’ या १९३८ च्या चित्रपटात त्याला छोटंसं काम मिळालं. वि. स. खांडेकरांचा लेखनिक म्हणूनही त्याने काम केलं. दुसऱ्याने सांगायचं आणि आपण उतरवून घ्यायचं. कमीपणाचं वाटेल असं काम, पण केवढी मोठी शाळा होती ती! १९४२ च्या सुमाराला ‘पहिला पाळणा’, ‘भक्त दामाजी’ या चित्रपटांची गाणी लिहायला मिळाली. आणि १९४७ साली ‘रामजोशी’ आला. लावणी, पोवाडे, शाहिरी सगळं त्या लेखणीतून असं काही उतरलं, की गदिमा हे नाव महाराष्ट्रभर झालं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं मराठी सिनेमा म्हणजे राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ही त्रयी. एक दिग्दर्शक, एक कवी, एक संगीतकार. आपल्या आयांनी टुरिंग टॉकीजच्या तंबूत जमिनीवर बसून जे सिनेमे पाहिले, त्यातले कितीतरी यांचेच. गदिमा नुसते गाणी लिहीत नसत. कथा, पटकथा, संवादही त्यांचेच असत आणि कधी पडद्यावर कामही. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या हिंदी चित्रपटाची कथाही गदिमांचीच. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत होती. कैद्यांना भिंतीआड न कोंडता शेतीला लावून माणसात आणायचा प्रयोग. आपल्या मुलखातली ती गोष्ट गदिमांनी साऱ्या देशाला दाखवली.

आता गाण्यांकडे येऊ या. त्यांच्या गाण्यांची यादी करायला बसलं ना, की आपल्याच आयुष्याची वर्षं मोजल्यासारखं होतं. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये पिसारा लावून ज्या गाण्यावर आपण नाचलो, ते आंब्याच्या वनातल्या मोराचं गाणं त्यांचं. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं, पु. ल. देशपांड्यांच्या संगीतातलं. तळ्यातल्या कुरूप पिल्लाचं गाणं त्यांचं. वर्गात जिला कुणी खेळायला घेत नव्हतं अशा प्रत्येक मुलीला ते गाणं आपलंच वाटायचं. मग वय वाढतं आणि गाणीही बदलतात. प्रीतीची, रुसव्याची, सासरी निघालेल्या मुलीची. पुढे आणखी वय वाढतं आणि एक दिवस स्वयंपाकघरात भाकरी थापताना रेडिओवर ते इंद्रायणीकाठचं देवाच्या आळंदीचं गाणं लागतं. पंडित भीमसेन जोशींचा तो आवाज! कित्येकांना तो जुन्या संताचा अभंगच वाटतो. तो आहे १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ मधला, गदिमांनी लिहिलेला. विठ्ठलाला कुंभार म्हणणारं गाणंही त्यांचंच, १९६१ च्या ‘प्रपंच’ मधलं. मातीला आकार देणारा आणि तोच पुन्हा मोडणारा देव. आमच्या भजनी मंडळात ते म्हटलं, की डोळे पुसल्याशिवाय एकही बाई उठत नाही. आणि ‘जगाच्या पाठीवर’ या १९६० च्या चित्रपटात त्यांनी माणसाच्या आयुष्याला विणलेल्या वस्त्राची उपमा दिली. बाळपणीचं अंगडं, तरुणपणीचे रंगीत कपडे आणि म्हातारपणीची शाल. सुखाचं सूत थोडं, दुःखाचं फार. तरुणपणी ते गाणं नुसतं ऐकलं होतं. चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे ‘गीतरामायण’! पुणे आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी गदिमांना वर्षभर चालेल असं काहीतरी लिहायला सांगितलं आणि त्यातून ही कल्पना आकाराला आली. १ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवशी पहिलं गीत प्रसारित झालं. त्या पहिल्या गीताचीही एक गोष्ट सांगतात. गदिमांनी लिहून दिलेला कागद फडक्यांकडून म्हणे हरवला. प्रसारणाची वेळ जवळ आलेली. गदिमा रागावले. शेवटी लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली आणि थोड्याच वेळात गीत पुन्हा तयार! आठवड्याला एक नवं गीत, असं वर्षभर चाललं. ५२ आठवड्यांचा बेत होता, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतं झाली ५६. संगीत सुधीर फडक्यांचं, गायला माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे मोठे कलावंत.

तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हते. ज्यांच्याकडे होता त्यांच्या ओट्यावर शेजारपाजार जमायचा. कुणी रेडिओला हार घालायचं, कुणी उदबत्ती लावायचं. आज ऐंशी ओलांडलेल्या आमच्या मंडळातल्या एक आजी तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. त्या सांगतात, की शेजारच्यांच्या खिडकीखाली उभं राहून त्यांनी ही गाणी ऐकली, आणि त्यांची आई निवडायचं सूप तिथेच घेऊन यायची. रामाची गोष्ट आहे म्हटल्यावर सासूबाई काही बोलू शकत नसत! आठवड्यातून एकदा त्या बाईला घराबाहेर उभं राहायची मुभा मिळाली, ती गदिमांमुळे.

मला स्वतःला गीतरामायणातली कौसल्या फार आवडते. मूल होत नाही म्हणून झुरणारी राणी. फुललेली वेल बघून तिच्या काळजात कालवाकालव होते. गदिमांनी राजवाड्यातल्या राणीला आपल्या शेजारच्या घरातली सून केलं. पुढे तीच कौसल्या रामाला न्हाऊमाखू घालते, तेव्हा ऐकणारी प्रत्येक आई आपल्या लेकराचा पाय हातात धरते.

एवढा मोठा माणूस घरी कसा होता? पुण्यात मुंबई रस्त्यावर त्यांचं घर होतं. नाव ‘पंचवटी’. माणसांचा राबता मोठा. कलावंत, गावाकडचे नातेवाईक, सिनेमावाले, गरजू, सगळे यायचे. आणि हा गाडा ओढत होत्या विद्याताई, त्यांच्या पत्नी. माहेरच्या पाटणकर, कोल्हापूरच्या. लग्नाआधी त्या स्वतः गात असत. पुढे संसार वाढला, मुलंबाळं, आलंगेलं, आणि गाणं मागे पडलं. हे वाचलं तेव्हा मी जरा थांबलेच. ज्या घरातून सगळ्या महाराष्ट्राला गाणी गेली, त्या घरच्या बाईचं गाणं मात्र चुलीमागे राहिलं. यात गदिमांना दोष द्यावा असं मला म्हणायचं नाही, तो काळच तसा होता. पण आपण त्यांचे गोडवे गाताना हा हिशोब विसरू नये. पुढे विद्याताईंनी आपल्या सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या. ‘आकाशाशी जडले नाते’ हे ते पुस्तक. गाणं राहिलं, पण उत्तरायुष्यात शब्द हाती आले. हेही काही कमी नाही.

१४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात गदिमा गेले. वय अवघं ५८. म्हणजे ज्या वयाला आमच्या मंडळात ज्येष्ठ म्हणून बोलावणंही जात नाही, त्या वयात! म्हातारपणाच्या शालीवर लिहिणाऱ्या कवीला स्वतःला ती शाल पांघरायला मिळाली नाही. लेकराचं, तरुणाचं, आईचं, म्हाताऱ्याचं असं सगळ्यांचं मन त्यांनी शब्दांत मांडलं, पण साठीच्या उंबऱ्यापर्यंत ते पोचलेच नाहीत. आणि त्यांचा जन्मदिवस मात्र जगभर ज्येष्ठांचा दिवस म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ही तारीख ठरवली तेव्हा त्यांना गदिमा कुठून ठाऊक असणार? पण योगायोग असावा तर असा.

आता त्या काकूंकडे वळते. सत्तरीच्या काकू. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. मुलगा पुण्याला नोकरीत. घर विकून माझ्याकडे या, असं त्याचं म्हणणं. काकूंना घर सोडवत नाही आणि एकटं राहवतही नाही. मंडळात यायच्या, पण मागच्या रांगेत बसून जायच्या. आता काय राहिलंय, दिवस मोजायचे, एवढंच त्यांच्या तोंडी असायचं. त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर त्या थांबल्या आणि खुर्च्या उचलायला मदत करता करता मला म्हणायला लागल्या, की लग्नाआधी त्या गाण्याच्या दोन परीक्षा पास झाल्या होत्या. सासरी सांगितलं गेलं, की चांगल्या घरच्या बायका मोठ्याने गात नाहीत. मुलांना झोपवताना तेवढं ते आगगाडीचं गाणं म्हणायच्या, तेही हळू आवाजात. पन्नास वर्षांनी पहिल्यांदा चारचौघांत आवाज काढला. सांगताना त्यांचे हात थरथरत होते.

मानसशास्त्र सांगतं, की दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत जी गाणी कानावर पडतात, ती मनात सगळ्यात घट्ट बसतात. काल जेवायला काय होतं ते आठवत नाही, पण शाळेतलं गाणं कडव्यांसकट आठवतं, ते यामुळेच. पण मला काकूंकडे बघून आणखी एक वाटलं. जुनं गाणं आपल्याला नुसतं मागे नेत नाही. त्या गाण्यात आपण जी मुलगी होतो ना, ती अजून तिथेच उभी असते. तिला काय काय करायचं होतं, ते ती आपल्याला विचारते. आणि साठी-सत्तरीत तिला उत्तर द्यायला आपल्याकडे वेळ असतो!

दर शनिवारी दुपारी आता आमच्या मंडळात गाण्याची बैठक असते. पेटी एका बाईंच्या माळ्यावर पडून होती, ती दुरुस्त करून आणली. काकू शिकवतात. चुकलं की रागावतातसुद्धा! बारा-पंधरा जणी येतात. काहींना सूर लागत नाही, काहींना शब्द आठवत नाहीत, पण कुणी कुणाला हसत नाही. एकीच्या सुनेने आधी नाक मुरडलं होतं, आता तीच सासूला स्कूटीवरून सोडायला येते.

सगळं सुरळीत झालं असं मात्र सांगणार नाही. काकूंच्या घराचा प्रश्न अजून तसाच आहे. मुलाचे फोन येतात, काकू रडतात. संध्याकाळी घर खायला उठतं तेव्हा उठतंच. पण दिवस मोजायचे, हे वाक्य त्यांच्या तोंडून हल्ली मी ऐकलेलं नाही. आता त्या शनिवार मोजतात.

मीही पंचेचाळिशी ओलांडली आहे. मुलगी शिकायला बाहेर गेली, मुलगाही जाईल. रात्री ताटं कमी पडायला लागली, की पुढच्या दिवसांची भीती वाटते. खोटं कशाला सांगू? म्हणून मी एक वही केली आहे. त्यात आठवतील ती गाणी लिहिते आणि समोर लिहिते, ते गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं, तेव्हा सोबत कोण होतं आणि तेव्हा मला काय व्हायचं होतं. आईला विचारून तिच्या ओव्याही लिहून घेते आहे. बनुताईंच्या ओव्या त्यांच्या मुलाच्या रक्तात उतरल्या. आपल्या आयांच्या ओव्या निदान वहीत तरी उतरोत.

तुमच्याही घरात कुणी सासूबाई, मावशी, आत्या मागच्या रांगेत बसलेली असेल. औषधं घेतली का, एवढंच आपण तिला विचारतो. एकदा तिला विचारा, की लहानपणी कुठलं गाणं म्हणायचीस? आणि ती म्हणायला लागली की हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. कुकरची शिट्टी झाली तरी उठू नका.